पेंढ्यातलं टोपडं

देवगड तालुक्यात मे महिन्यात कोणाकडे पंप मागितला तर तो नेमका नादुरुस्त असतो. त्या सकाळी जामसंड्यात एका हाकेला तीन पंप आले, आणि तिन्ही चालू निघाले. विहिरीत मूल असण्याची शक्यता होती.

पोलीस उपनिरीक्षक यशोदा राऊळ जीपमधून उतरल्या तेव्हा विहीर निम्मी उपसून झाली होती. कठड्याभोवती वाड्यातली सगळी वस्ती जमली होती. खाली उतरायला दोघे तयार होते, आणि त्यांनी कसं उतरावं हे सांगायला उरलेले सगळे.

हरवलेल्या मुलाचं नाव सर्वेश. वय आठ महिने. नुकता बसायला लागला होता, रांगायला अजून अवकाश होता. म्हणजे तो स्वतःहून कुठे गेला नव्हता. एवढी एकच गोष्ट त्या गर्दीत सर्वांना मान्य होती.

मुलाचे वडील जितेंद्र घाडी हे शाळेत विज्ञान शिकवत. सुट्टी असल्यामुळे घरच्या कलमांच्या बागेत आंबे काढायचं काम बघत होते. ठाण्यात फोन त्यांनीच केला होता. सकाळी ते खोक्यांचा कागद आणायला देवगडात गेले होते. परत आले तर बायको अंगणात वेड्यासारखी धावत होती आणि मूल नव्हतं.

"घरात त्या वेळी कोण होतं?"

"सारिका आणि आई. आणि आमचा टेम्पो घेऊन गंगाराम आला होता. तो माल घेऊन गोव्याला गेला."

"फोन लावलात?"

"लागत नाही. वाटेत रेंज नसते."

यशोदाबाईंनी बरोबरच्या दाजी गावड्याकडे पाहिलं. दाजी हवालदार मूळचा जामसंड्याचाच. त्याने टेम्पोचा नंबर विचारून घेतला आणि गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या चेकनाक्यावर कळवायला तो बाजूला गेला.

सारिका मांगराच्या पायरीवर बसली होती. मांगर म्हणजे बागेतली आंबे भरायची कौलारू शेड. तिच्या केसांत पेंढ्याच्या काड्या होत्या. नाकाशी कोणीतरी कांदा फोडून धरलेला, दुसऱ्या एकीच्या हातात चप्पल तयार. शुद्धीवर असलेल्या बाईला शुद्धीवर आणायचे एवढे प्रयत्न चालले होते की तिला श्वास घेता येत नव्हता. यशोदाबाईंनी कांदा, चप्पल आणि त्या दोघी, सगळं लांब केलं आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"काय झालं ते सांग. घरात बोलतेस तसंच बोल."

सारिकाने सांगितलं ते थोडक्यात असं. सकाळी ती मांगरात आंबे भरत होती. शेवटचे काही क्रेट राहिले होते. पोर किरकिरायला लागलं. त्याचं नाचणीचं सत्त्व चुलीवर होतं. सासू म्हणाली, निवलं की देते. तोवर सारिकाने त्याला मांडीवर घेऊन पाजलं. तो झोपला. एका हाताने तिने पुढचा क्रेट ओढला.

"आणि?"

"मगे चक्कर इली."

"कशी?"

"आदी पोटातसून काय तरी वर चडता. मगे मांगर फिराक लागता. मगे तोंडात तांब्याची चव येता." ती थांबली. "मगे मी अंगणात उभी होतंय. मांडयेर झील नाय होतो."

"मधलं?"

"मदला नाय आसा."

हे शेवटचं वाक्य भोवतालच्या बायकांनी ऐकलं आणि एकमेकींकडे पाहिलं. चक्कर कोणाला येत नाही? उपासाला येते, उन्हात येते, नवऱ्याने पाहुणे आणले की येते. पण घर फिरलं तर फिरलेलं घर माणसाला आठवतं. मांडीवरचं पोर कुठे गेलं हे आठवत नाही, असली चक्कर जामसंड्यात अजून कोणी ऐकली नव्हती. एक आवाज कुजबुजला, दुसऱ्याने त्याची री ओढली, आणि विहिरीकडे जाणारी गर्दी थोडी अधिक खात्रीने विहिरीकडे गेली.

"ह्या चकरा कधीपासून?"

"लग्न झाल्यावर वर्षान. मदी बरी होतंय. आता परत…"

"अशक्तपणा आहे," मागून जितेंद्र म्हणाले. "हिमोग्लोबिन कमी आहे. मी स्वतः रोज रात्री लोहाची गोळी देतो."

"कालही दिली?"

"काल… नाही. संपल्यात. हंगाम संपला की आणणार होतो."

यात कोणाला नवल वाटलं नाही. हंगामात देवगडात माणूस डॉक्टरकडे जात नाही. फार काय, मरायचं असलं तरी पावसापर्यंत थांबतो.

"बघू गोळ्या."

जितेंद्रनी खिशातून एक छोटी स्टीलची डबी काढून दाखवली. रिकामी होती. यशोदाबाईंनी ती परत केली, सारिकाच्या कानाशी वाकल्या आणि हळूच एक प्रश्न विचारला. असला प्रश्न सहसा डॉक्टर विचारतात, आणि तोही दार लावून. एवढ्या दुःखातही सारिका चमकली. तिने मान हलवली. नाही. शौचाचा रंग कधीच बदलला नव्हता.

मग त्या मांगरात शिरल्या.

माल गेला होता. जमिनीवर पेंढा पसरला होता आणि कोपऱ्यात एक प्लॅस्टिकचा क्रेट उरला होता. त्यात आंबा एकही नव्हता. पण पेंढा टाकलेला नव्हता, लावलेला होता. तळाला सारखा थर, कडेने वळवून घेतलेला, जशी कसबी बाई फळाला डाग पडू नये म्हणून लावते. मध्ये खळगा. वरचा थर एका बाजूला उचकटलेला. यशोदाबाईंनी खळग्यात हात घातला. हाताला कापड लागलं.

छोटं, पिवळं, कानावर बंद असलेलं टोपडं.

सारिका दारात येऊन उभी राहिली होती. तिने टोपडं पाहिलं, क्रेट पाहिला, मग स्वतःचे हात पाहिले.

"मीच भरलंय त्येका," ती म्हणाली. "आंबो भरतत तसो."

जितेंद्र भिंतीला टेकले. बाहेर ही बातमी कोणी नेली ते कळलं नाही, पण ती सारिकाच्या आधी अंगणात पोचली. टोपडं या क्रेटात राहिलं, म्हणजे पोर दुसऱ्या क्रेटातून टेम्पोत गेलं असणार. टेम्पो ताडपत्री बांधून निघालेला. वरून मे महिन्याचं ऊन. कोणीतरी मोठ्याने हिशेब केला की पोर किती वेळ टिकेल, आणि कोणीतरी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

दाजी पुन्हा नाक्यावर बोलला. इन्सुलीच्या नाक्याची सारी हयात गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांत बाटल्या शोधण्यात गेलेली. गोव्याकडे जाणारी गाडी, आणि तीही आंब्यांची, अडवायची म्हटल्यावर तिथल्या शिपायाने दोनदा विचारून घेतलं. पण अडवली. सगळे क्रेट रस्त्यावर उतरवले. प्रत्येकात हात घातला. इकडे अंगणात पंप चालूच होते.

फोन वाजला. यशोदाबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "नाही. टेम्पोत नाही."

सारिका उठली आणि विहिरीकडे चालू लागली. धावली नाही. सकाळची कळशी भरायला जावी तशी चालली, म्हणून कोणाला पटकन कळलंच नाही. कठड्यावर एक पाय टाकला तेव्हा दाजीने पदर धरला. पदर फाटला. मग त्याने दंड धरला.

"सोडा माका," ती म्हणाली. "मी जगान कोणाक काय फायदो?"

दाजीने तिला उचलून ओसरीवर आणून बसवलं आणि स्वतः तिच्यापुढे दरवाजासारखा बसला.

यशोदाबाई टेम्पोवाल्या गंगारामशी फोनवर बोलत होत्या. तो नाक्यावर रडत होता, कारण आंबे उन्हात होते, आणि पोराचं कळल्यावर आणखी रडत होता, कारण तो वाईट माणूस नव्हता.

त्याच्याकडून दोन गोष्टी कळल्या. तो शेवटचे क्रेट उचलायला आला तेव्हा वहिनी चिऱ्याच्या गडग्याजवळ, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाजवळ, फिरत होती. पदराचं टोक चिमटीत धरून आंब्याचं देठ खुडावं तसं तोडत होती, पुन्हा पुन्हा. त्याने हाक मारली. ती त्याच्याकडे बघत होती, पण बोलली नाही. त्याला वाटलं, काल एक क्रेट आपटला त्याचा राग आहे.

दुसरी गोष्ट त्या उरलेल्या क्रेटची. तो त्याने उचलला होता. हलका लागला, म्हणून तसाच ठेवला.

"हलका म्हणजे?"

"रिकामो, मॅडम. नुसतो पेंढो."

यशोदाबाईंनी फोन ठेवला आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या.

आनंदी, म्हणजे सारिकाची सासू, चुलीसमोर बसली होती. सकाळपासून ती तिथेच होती. विहिरीकडे एकदाही गेली नव्हती. आजीला बघवत नसेल, असं बायका म्हणत होत्या, आणि ते खोटंही नव्हतं. ती त्या वेळी परसात होती, तिने काही पाहिलं नाही, असं तिने सांगितलं. मग न विचारता पुढे म्हणाली, "चक्कर नाय ती. फीट आसा. मी वर्षभर सांगतंय माझ्या झिलाक, जितेंद्राक. आवशीचा कोण ऐकता?"

यशोदाबाई घोटभर पाणी प्यायल्या. चहाचं पातेलं तसंच पडलं होतं, तव्यावर भाकरीचा चुरा, पिठाची परात उघडी. घरात एवढा आकांत चालला असताना भांडी कोण घासणार? मोरीत एक लहान टोप मात्र घासून पालथा घातला होता. काठाला नाचणीची तपकिरी रेघ राहिली होती.

त्या बाहेर आल्या आणि दाजीला म्हणाल्या, "इथे कोण आलेलं नाही?"

दाजीने गर्दीवरून नजर फिरवली. जामसंड्यातला माणूस असल्याने त्याला वेळ लागला नाही.

"तुळसा नाय."

"ही कोण?"

"आनंदी काकीची लहानपणापासूनची सोबतीण. मॅडम, वाड्यात कोणाच्या घरी कुत्र्याक पिल्लां झाली तरी तुळसा पयली हजर. आज पोलीस इलेत आणि ती नाय, म्हणजे एकतर ती मेली, नायतर तिका कामाक बसवलेला आसा."

"राहते कुठे?"

"मसाल्याच्या गिरणीक लागान. ह्या दिवसात गिरण थांबत नाय. तिच्या घरात बोंब मारल्यान तरी शेजाऱ्याक ऐकाक येवचा नाय."

यशोदाबाईंनी त्याला मागच्या वाटेने पाठवलं. सारिकाला काही सांगितलं नाही. खोटी आशा दाखवून दुसऱ्यांदा तिचा पाय कठड्यावरून काढणं कोणाला जमलं नसतं. दाजीच्या जागी त्या स्वतः तिच्यापुढे बसल्या.

दाजीचा फोन आला. त्यांनी तो कानाला लावला. गिरणीची घरघर, एक शिंक, आणखी एक शिंक. मग दाजीचा आवाज, आणि त्याच्यावर चढलेला, संतापलेला, निरोगी, आठ महिन्यांचा आवाज.

त्यांनी फोन सारिकाच्या कानाला लावला.

सारिकाने आधी ऐकलं. मग तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दोन्ही हातांनी तिने फोन असा धरला होता की तो पुढे बराच वेळ कोणी मागितला नाही.

"पंप बंद करा," यशोदाबाई म्हणाल्या. "आणि आनंदीबाईंना बाहेर बोलवा."

आनंदी आली. ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. अंगणातल्या गर्दीला घरी जायला सांगितलं होतं, म्हणून ती दोन पावलं मागे सरकली होती.

"मी डॉक्टर नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "दारू पिऊन गाडी चालवली म्हणून मी एकदा एका गाडीवाल्याला धरलं. तो दारू प्यालेला नव्हता, त्याला फीट आली होती. कोर्टात डॉक्टरांनी मला तासभर समजावलं आणि नंतर न्यायाधीशांनी वेगळं समजावलं. तेव्हापासून चक्कर म्हटलं की मी जास्त विचारते."

"चक्कर म्हणजे फीट नव्हे," त्या पुढे म्हणाल्या. "बहुतेकांची चक्कर कानाची असते, रक्तदाबाची, उपाशी पोटाची. पण काही जणांची फीट चक्कर होऊन येते. ना झटके, ना तोंडाला फेस. दर वेळी तीच सुरुवात, त्याच क्रमाने. पोटातून वर चढतं, घर फिरतं, तांब्याची चव. आणि पुढे वेळेचा एक तुकडा नाहीच. साध्या चकरेत माणसाला फिरलेलं घर आठवतं. हिला पुढचं काहीच आठवत नाही. तुम्ही सगळ्यांनी ते खोटं धरलंत. तिने जर सविस्तर काही सांगितलं असतं, तर मी खोटं धरलं असतं."

"त्या तुकड्यात माणूस पडतोच असं नाही." यशोदाबाई सारिकाकडे वळल्या. "हात जे करत होते तेच करत राहतात. हिचे हात आंबे भरत होते. हिने सर्वेशला पेंढ्यात ठेवला, नीट, डाग पडणार नाही असा, वर पेंढा घातला आणि गडग्याकडे चालू लागली. गंगारामने हाक मारली तेव्हा ती रागावलेली नव्हती. ती तिथे नव्हतीच."

"मग क्रेटमधून…" जितेंद्र म्हणाले.

"गंगारामने उचलला तेव्हा क्रेट हलका होता. म्हणजे त्याच्या आधीच कोणीतरी मूल काढलं होतं. तुम्ही देवगडात. राहिलं कोण? या बाई परसात होत्या म्हणतात. पण चुलीवरचं सत्त्व कोणी खाल्लं? त्या घरात सत्त्व खाणारा माणूस एकच, आणि तो हरवलेला. तरी टोप रिकामा, आणि एवढ्या गोंधळात तेवढाच घासलेला. म्हणजे सत्त्व मुलाबरोबर गेलं, त्याला कोणीतरी भरवणार होतं. अंगणातली प्रत्येक बाई पोर भुकेलं असेल म्हणून रडत होती. आजी एकदाही म्हणाली नाही."

आनंदीने खांब सोडला आणि खाली बसली.

"दारातसून बघलंय मी," ती म्हणाली. "पेंढो घातल्यान त्येच्यार. डोळे उगडे, पण कोण नाय त्या डोळ्यांत. मी हात घातलंय तर पोर गरम, निजलेलो. माझ्या धाकट्या भयणीचे असलेच डोळे होते. मथुरा नाव. आमी चक्कर म्हणायचो. चक्कर म्हटला की लगीन होता. खाडयेर कपडे धुवताना गेली ती. ढोपराएवड्या पाण्यात."

"मग हिला उठवून सांगायचं."

"वर्षभर सांगलंय. झील म्हणता, आये, तू शिकलंस नाय, तुका कळना नाय." तिने मुलाकडे पाहिलं नाही. "मागच्या वाटेन तुळसाकडे नेऊन दिलंय पोराक. म्हटलंय, झील घरी येवदे. अर्दो तास पोर दिसाचो नाय, बायको सांगाक शकाची नाय, मगे तरी डॉक्टराकडे नेतलो. पण ह्येणी येताच पोलिसांक फोन लायलो. मगे वाडो इलो. मगे पंप इले. मगे तोंड उघडूकच जमला नाय माका."

"ती विहिरीवर चढली तेव्हासुद्धा?"

आनंदी पदर तोंडात धरून बसून राहिली.

जितेंद्र आईकडे बघत होते. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघतात तसं. "आई," ते शुद्ध मराठीत म्हणाले, "तू हे कसं करू शकलीस?"

"थांबा, मास्तर," यशोदाबाई म्हणाल्या. "मूल लपवणारी सापडली. आजार लपवणारा राहिलाय."

जितेंद्रनी खिशातल्या डबीवर हात ठेवला.

"लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो. मी स्वतः घेतल्यात, मला सांगू नका. हिचा कधी झाला नाही. दुकानातून गोळ्यांची पट्टी मिळते, तिच्यावर नाव असतं. तुम्ही गोळ्या सोलून डबीत घालून आणत होतात. तुम्ही देत होता तोवर ही बरी होती. हंगामात आणायला गेला नाहीत, आणि चकरा परत सुरू झाल्या. कुठून आणत होता?"

गर्दीतला एक जण खोकला आणि दुसऱ्याने त्याला चूप केलं.

"गोव्याहून," जितेंद्र म्हणाले. "तिथल्या डॉक्टरांनी फीट आहे असं सांगितलं. मला बाहेर बोलावून. मी हिला अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं. तिने घाबरू नये, एवढाच हेतू होता. लोक काय बोलतात तुम्हाला माहीत आहे."

"गोळी एकदम बंद करायची नाही, हे सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"आणि मूल मांडीवर घेऊन एकटीने बसायचं नाही? विहिरीवर एकटीने जायचं नाही?"

त्यांनी मान खाली घातली. विज्ञानाचे मास्तर असल्याने उत्तर त्यांना येत होतं.

सारिकाने फोन खाली ठेवला. ती नवऱ्याकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर स्वतःबद्दलची भीती नव्हती.

"म्हंजे माका नाव आसा," ती म्हणाली. "माझ्या दुखण्याक. आणि औषद पण आसा."

"आहे," यशोदाबाई म्हणाल्या. "आज संध्याकाळच्या आत डॉक्टरकडे जायचं. आमच्या जीपने. गुन्ह्याचं काय ते मी ठाण्यात बघते, मास्तर, तुमचं आणि तुमच्या आईचंही."

मागच्या वाटेने दाजी आला. त्याच्या खाकी खांद्यावर नाचणीचे डाग होते आणि सर्वेश त्याची टोपी चावत होता. मागून तुळसा शिंकत येत होती आणि येता येताच सगळ्यांना सांगत होती की तिला काही माहीत नव्हतं.

सारिका उठली नाही. तिने ओसरीवर मांडी घातली, पाठ भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले. दाजीने मूल तिच्याजवळ दिलं. तिने त्याच्या टाळूवर तोंड ठेवलं आणि तशीच राहिली. अंगणातल्या बायका रडत होत्या. त्यातल्या काही जणी मघाशी विहिरीच्या बाजूच्या होत्या.

जितेंद्र पुढे आले आणि तिच्या शेजारी बसायला वाकले.

"तुमी नको," सारिका म्हणाली.

ते वाकलेलेच राहिले.

ती सासूकडे वळली. आनंदी खांबापाशी, मान खाली घालून, जणू उचलून नेण्याची वाट बघत होती.

"आयेक बसवा हयसर," सारिका म्हणाली. "माका काय होता ता तिका कळता."